दुभाषी नसताना परकी भाषा कशी उलगडते?

समोरच्याची भाषा तुम्हाला येत नाही, तुमची त्याला येत नाही, मध्ये दुभाषी नाही. आदिमानवांच्या दोन टोळ्या समोरासमोर आल्या, तेव्हा कुठून सुरुवात झाली असेल?

बोट दाखवून, असं वाटतं. पण दगडाकडे बोट दाखवलं आणि समोरचा काहीतरी बोलला, तर ते ‘दगड’, ‘खडबडीत’ की ‘बोट’? झाडाकडे, पाण्याकडे दाखवूनही तोच शब्द आला, तर तो बहुधा बोटाचंच नाव सांगतोय!

म्हणून वस्तू हातात घ्या. एक पान, दोन पानं, मोठं पान. एका वेळी एकच गोष्ट बदला. बोलण्यातला जो तुकडा बदलेल, तो त्या फरकाचा. मग पान खाली टाका, त्यालाही टाकायला लावा. क्रियापदं अशीच सापडतात. फक्त ‘मी’ आणि ‘तू’ सांभाळा: तुम्ही टाकता तेव्हा तो ‘तू टाकलंस’ म्हणतो, आणि तुम्ही ते ‘मी’ समजून बसता. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक हे सगळं मंचावर, प्रेक्षकांसमोर करून दाखवायचे.

व्यापारात एवढा धीर कुणाला? उत्तर नॉर्वेत नॉर्वेजियन कोळी आणि रशियन व्यापारी मासे देऊन पीठ घेत. त्यांची कामचलाऊ बोली म्हणजे रुसेनोर्स्क. शब्द साधारण 400, आणि ‘वर’, ‘मध्ये’, ‘कडे’ अशा बहुतेक सगळ्या संबंधांसाठी ‘पो’ हे एकच अव्यय. या बोलीचं एक नाव होतं ‘मोया पो त्वोया’, म्हणजे ‘मी तुझ्या भाषेत’. गंमतच आहे.

पण अशा जोडकामाची पूर्ण भाषा कशी होते? आदिमानवांच्या हाडांना विचारून फारसं हाती लागत नाही. इस्रायलमधल्या केबारा गुहेत 1983 मध्ये सुमारे 60,000 वर्षांपूर्वीच्या निअँडरथलचं (आता नामशेष झालेल्या मानवाचं), जिभेच्या मुळाशी असणारं कंठिकास्थी मिळालं. ते जवळपास आपल्यासारखंच आहे. पण तेवढ्यावरून तो बोलायचा, असं म्हणता येत नाही. 1866 मध्ये पॅरिसच्या भाषाशास्त्र संस्थेने भाषेच्या उगमावरचे निबंध घेणंच बंद केलं होतं, ते उगीच नाही.

जिवंत पुरावा निकाराग्वात आहे. 1977 नंतर राजधानी मानाग्वाच्या शाळेत कर्णबधिर मुलं प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र आली. शिक्षक शिकवत होते स्पॅनिश. मुलांनी आपसात खुणांची भाषा उभी केली. ‘घरंगळत खाली गेला’ हे पहिल्या मुलांपैकी बरेच जण हाताच्या एकाच हालचालीत दाखवत. मागून आलेल्या लहानग्यांनी तिचे दोन तुकडे केले: आधी ‘घरंगळणं’, मग ‘खाली जाणं’. आता ‘खाली जाणं’ चालण्यालाही जोडता येतं, उडी मारण्यालाही.