गंजाचे कवच

(कार्यशाळेची खिडकी. बाकावर आडवी ठेवलेली रायफल.)

नळी, घोडा, चाप आणि पितळी पत्रे जागच्या जागी बसले असले, तरी या रायफलीचे लोखंड अजून उघडे आहे आणि लाकूड कोरे आहे. अठराव्या शतकात अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांनी चकमकीवर उडणारी लांब नळीची रायफल घडवली. तिचे रूप ठरते ते इथून पुढच्या कामात, आणि लँकेस्टर परगण्यातील या कार्यशाळेत ते आजही हातानेच होते.

(दस्ता, जवळून.)

दस्ता मेपलच्या लाकडाचा आहे. त्याचे तंतू लाटेसारखे वळत गेल्यामुळे अंगावर आडवे पट्टे उमटतात. कारागीर पोलादी पट्टीच्या धारेने लाकूड खरवडतो, ओल्या फडक्याने पुसून विस्तवाजवळ सुकवतो आणि दबलेली कूस उभी राहिली की ती पुन्हा खरवडतो. हे दोनतीनदा केले नाही, तर पहिल्याच पावसात दस्ता हाताला खरखरीत लागेल.

आता तेजाब. लोखंडाचा कीस विरघळवलेले सौम्य तेजाब कुंचल्याने लावल्यावर लाकूड हिरवट-करडे, अगदी बिघडल्यासारखे दिसते. मग तापून लाल झालेली कांब त्याच्या जवळून, न टेकवता, सावकाश फिरवली जाते आणि तो करडेपणा तांबूस-तपकिरी होत जातो. पट्ट्यांच्या गडद रेषा उठून येतात. उरलेले आम्ल सोड्याच्या पाण्याने मारल्यावर जवसाचे उकळलेले तेल तळहाताने चोळून मुरवतात. लाकडात कुठे बारीक खाच राहून गेली असेल, तर ती या वेळी बोटांना कळते.

(नळी. सुरुवातीला शांतता.)

आठ पैलूंची ही नळी चाळीस इंचांहून लांब आहे. तिच्या तोंडात लाकडी खुंटी आणि कानात, म्हणजे आतल्या दारूपर्यंत आग पोहोचवणाऱ्या बारीक भोकात, चरबी लावलेली काडी घालून नवसागराचे पाणी तिच्यावर पुसले जाते आणि ती दमट जागी ठेवली जाते. दुसऱ्या दिवशी तिच्यावर नारिंगी गंजाची साय धरते. कारागीर ती जाड्याभरड्या कापडाने घासून काढतो आणि पुन्हा तेच पाणी लावतो. असे अनेक दिवस चालते. लोखंडाला खाणारा हाच गंज थरावर थर बसून दाट तपकिरी होतो, उकळत्या पाण्याने थांबवला जातो आणि तेल पिऊन नळीची राखण करू लागतो. विजेच्या चाकावर आरशासारखी चमकवलेली नळी या दस्त्यात आम्हांला उपरी वाटते. जुन्या रायफलींच्या नळ्या उलट्या करून पाहिल्या, तर दस्त्यात झाकलेल्या बाजूवर कानशीचे घाव तसेच राहिलेले आढळतात. तो निष्काळजीपणा नसून, कुठे थांबायचे हे कारागिराला ठाऊक होते.

जून १७७५ मध्ये वसाहतींच्या काँग्रेसने रायफलधारी सैनिकांच्या दहा तुकड्या उभारण्यास मंजुरी दिली, त्यांतील सहा पेन्सिल्व्हेनियाच्या होत्या. याच रायफली खांद्यावर घेऊन वसाहतवाले ॲपलेशियन डोंगरांपलीकडे गेले आणि तिथल्या मूळ रहिवाशांची भूमी गेली.

(भट्टी. पेटीतून काढलेली पोलादी पाती पाण्यात पडते.)

चकमक जिच्यावर आपटते, ती ही पाती रंजकावरचे, म्हणजे ठिणगीने आधी पेटणाऱ्या चिमूटभर दारूवरचे, झाकणही असते. हाडांच्या आणि चामड्याच्या कोळशात बंद करून, लालबुंद तापवून तिला पाणी दिले जाते. तिचा पृष्ठभाग पुरेसा कठीण झाला, तरच गारगोटीच्या धारेने निघालेले पोलादाचे कण पेटून रंजकात पडतात. पाती मऊ राहिली, तर एवढ्या देखण्या रायफलीची नुसती काठी होते.

(पितळ, कोरणीचे टोक.)

दस्त्यातील पितळी झाकणाखाली गोळीभोवती गुंडाळायचे वंगण लावलेले कापडाचे तुकडे राहतात. त्यावरची वेल कोरताना कारागीर कोरणी जवळजवळ स्थिर धरतो आणि वळणावर तिच्याखालचे काम फिरवतो.

(मोकळे रान.)

नळीच्या टोकाची माशी, म्हणजे नेम धरण्याचा उंचवटा, मुद्दाम उंच ठेवलेली असते, त्यामुळे पहिली गोळी निशाणाच्या खाली लागते. कारागीर खिशातून बारीक कानस काढतो, माशीवरून एकदाच फिरवतो, फुंकर मारून पुन्हा नळी भरतो. गोळी थोडी वर सरकते. अजून दोन बोटे कमी आहे.

(कानशीचा आवाज.)