गेलेल्याची वाक्यं

नमस्कार. एवढ्या पावसात तुम्ही सगळे दादरपर्यंत आलात, मला फार बरं वाटलं. गाड्या उशिरा धावतायत, तेव्हा अजून काही जण मागून येतील. दाराजवळच्या खुर्च्या त्यांच्यासाठी राहू द्या.

मी मालिका लिहिते, आणि बहुतेक गुन्हेतपासाच्याच लिहिल्या. आयोजकांनी विचारलं, कशावर बोलाल? मी म्हटलं, एका प्रश्नावर बोलते. तपासाची मालिका दहा-बारा वर्षं चालते आणि मग तिची मूळ माणसं एकेक करून निघून जातात. त्यानंतर मागे काय उरतं? रसिक म्हणून आपण पटकन म्हणतो, 'आता त्यात काही राम राहिला नाही.' पण राम नेमका कशात होता, हे शोधायला गेलं की लेखनाबद्दल बरंच काही हाती लागतं.

सुरुवात लांबच्या उदाहरणापासून करते, कारण ते फार स्पष्ट आहे. बीबीसी वनवर २००३ ते २०१५ अशी बारा पर्वं 'न्यू ट्रिक्स' नावाची मालिका चालली. म्हाताऱ्या कुत्र्याला नव्या युक्त्या शिकवता येत नाहीत, अशी इंग्रजीत म्हण आहे, नाव त्यावरून घेतलेलं. लंडनच्या पोलीस खात्यात जुनी, न सुटलेली प्रकरणं पुन्हा उघडणारं एक पथक. प्रमुख सँड्रा पुलमन ही सेवेतली अधिकारी आणि तिच्या हाताखाली तीन निवृत्त पोलीस. जॅकची बायको मेरी वारलेली. रात्री तो घराच्या बागेत बसून तिच्याशी बोलतो. ब्रायन दारूतून सावरलेला, वीस वर्षांपूर्वीच्या फायलीतला तपशीलही तोंडपाठ असणारा, आणि बायकोच्या जिवाला घोर लावणारा. जेरीचे तीन घटस्फोट झालेले, पण तिन्ही बायका आणि मुलींशी त्याचं येणंजाणं, जेवणखाण चालू. जेरीचं काम करणाऱ्या डेनिस वॉटरमन यांनी शीर्षकगीतही स्वतःच म्हटलं होतं.

खुनी कोण, हे मला आज एकाही भागातलं आठवत नाही. मेरीशी बोलणारा जॅक मात्र लख्ख आठवतो. जॅक झालेले जेम्स बोलम बाकावर बसत, तेव्हा संवादांच्या मधे ते क्षणभर थांबत, जणू तिचं उत्तर ऐकतायत. त्या थांबण्यावर सगळा प्रसंग उभा असे.

२०१२मध्ये बोलम मालिका सोडून गेले. २०१३मध्ये ब्रायनचे अलन आर्मस्ट्राँग आणि सँड्राची भूमिका करणाऱ्या अमांडा रेडमन गेल्या. वॉटरमन तेवढे राहिले आणि शेवटच्या पर्वाच्या सुरुवातीला तेही बाहेर पडले. म्हणजे मालिका संपली तेव्हा पहिल्या चौघांपैकी पथकात कुणीच नव्हतं. २०१२मध्येच कलाकारांनी मुलाखतीत सांगितलं होतं की संहिता सपक होत चालल्यात, आणि लिहिणाऱ्यांच्या बाजूने उत्तर आलं होतं की कलाकारच सेटवर संवाद बदलतात. या भांडणात मला दोघांचंही दुःख कळतं. नऊ वर्षं एक माणूस उभा केल्यावर नटाला वाटणारच, की हा काय बोलेल ते मला तुमच्याहून जास्त माहीत आहे. आणि ते बऱ्याचदा खरंही असतं.

आता नवी मंडळी पाहा. ग्लासगोचा स्टीव्ह मॅकअँड्र्यू आला. तो जॅकसारखा नव्हता. त्याचा वेग, त्याचं बोलणं, त्याचा हट्ट सगळं वेगळं. जेरीबरोबर त्याची जोडी जमली. त्याच्यामागून डॅनी ग्रिफिन आला. निकोलस लिंडहर्स्ट हे फार चांगले नट आहेत, पण मला सतत जाणवायचं की ब्रायनने सांगितली असती ती माहिती आता डॅनी सांगतोय. खुर्ची ब्रायनची होती आणि लेखकांनी तिच्यावर डॅनीला बसवलं होतं. तेच ऑफिस, तसेच खटले, तरी माझं मन दर आठवड्याला थोडं थोडं निघून गेलं. मालिका मोडते ती इथे, असं माझं ठाम मत आहे. माणूस गेल्यामुळे ती मोडत नाही. गेलेल्याची वाक्यं आलेल्याच्या तोंडी घातली की मोडते.

यावर तुमच्यातला नाट्यवेडा माणूस लगेच म्हणेल, मग 'नटसम्राट'चं काय? बरोबर आहे. १९७०मध्ये डॉ. लागूंनी अप्पासाहेब बेलवलकर उभे केले, पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी यांनी केले. शब्द तेच, स्वगतं तीच, आणि प्रत्येक वेळी अप्पासाहेब नवे. आपल्याकडे तर 'तुम्ही कुणाचे अप्पासाहेब पाहिलेत?' यावर रात्र रात्र गप्पा रंगतात. पण नाटकाची संहिता आधी पूर्ण लिहून झालेली असते. शिरवाडकरांनी पडदा कुठे पडणार ते ठरवून ठेवलंय. नट त्या घरात राहायला येतो आणि जातो, घर शिरवाडकरांचंच राहतं.

मालिकेत घरच नटाबरोबर बांधलं जातं. पहिल्या वर्षी मी पात्राचं वाक्य लिहिते. तिसऱ्या वर्षी नट ते कसं म्हणेल हे कानात ऐकून लिहिते. पाचव्या वर्षी मी लिहितच नाही, त्याचं बोलणं नुसतं उतरवून घेते. तो 'हं' म्हणून किती वेळ थांबेल, त्यावर पुढच्या माणसाचं वाक्य बेतलेलं असतं. असं वाक्य दुसऱ्याला दिलं की ते दुसऱ्याच्या मापाचा सदरा घातल्यासारखं दिसतं.

ज्या मालिका माणसं गेल्यावरही टिकल्या, त्यांनी बहुधा वाक्यांवर घर बांधलं नव्हतं. अमेरिकेतली 'लॉ अँड ऑर्डर' १९९०मध्ये सुरू झाली. दहा वर्षांत पहिल्या पर्वातला प्रमुख संच सगळा बदलला आणि तरी ती २०१०पर्यंत चालली, २०२२मध्ये परतही आली. अर्धा भाग पोलिसांचा, अर्धा न्यायालयाचा, हा सांगाडाच तिथला नायक. स्कॉटलंडच्या 'टॅगर्ट'ची गोष्ट मला जास्त भिडते. टॅगर्ट झालेले मार्क मॅकमॅनस १९९४मध्ये वारले. मालिका त्यांच्याच पात्राच्या नावाने २०१०पर्यंत चालू राहिली. सोळा वर्षं शीर्षकात असलेला माणूस पडद्यावर नाही! पण दुसऱ्या कुणाला टॅगर्ट केलं नाही.

आता घरी येऊ या. तुम्ही सगळे ज्याची वाट बघताय ती 'सी.आय.डी.'.

या मालिकेचं मूळ मराठी आहे असं मी म्हणते. मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' लागायची. शंभर नंबर, पोलिसांचा. बी. पी. सिंग यांचं दिग्दर्शन आणि त्यात शिवाजी साटम. हीच जोडी जानेवारी १९९८मध्ये सोनीवर 'सी.आय.डी.' घेऊन आली आणि ऑक्टोबर २०१८पर्यंत दीड हजारांहून जास्त भाग झाले. सुरुवातीच्या काळात आशुतोष गोवारीकर त्यात इन्स्पेक्टर वीरेंद्र होते. ते 'लगान'च्या वाटेने गेले. आदित्य श्रीवास्तव अभिजीत म्हणून आले आणि त्यांनी वीरेंद्रची जागा भरायचा प्रयत्नही केला नाही. अभिजीत संशयी, धारदार, दयाच्या शेजारी उभा राहिला की आपोआप निम्मं वाक्य बोलून थांबणारा. उरलेलं दया पुरं करतो, किंवा दार तोडतो. ब्युरोतले तरुण चेहरे वीस वर्षं बदलत राहिले आणि आपल्याला फारसं खटकलं नाही, कारण प्रद्युम्न, अभिजीत, दया, फ्रेडरिक्स आणि फॉरेन्सिक लॅबमधले साळुंखे यांच्यामधलं अंतर तसंच होतं. प्रद्युम्न आणि साळुंखे यांचं लॅबमधलं ते एकमेकांना टोचून बोलणं आठवा. मृतदेह मधे असतो आणि दोन जुने मित्र भांडत असतात.

डिसेंबर २०२३मध्ये फ्रेडरिक्स झालेले दिनेश फडणीस वारले. वर्षभराने, डिसेंबर २०२४मध्ये मालिका परत आली तेव्हा फ्रेडरिक्स नव्हता. आमच्या इमारतीतली लहान मुलं, जी मालिका बंद झाली तेव्हा जेमतेम रांगत होती, जुने भाग पाहून पाहून तीही विचारत होती, फ्रेडी कुठेय?

मग एप्रिल २०२५मध्ये एसीपी प्रद्युम्नचा मृत्यू दाखवला आणि पार्थ समथान एसीपी आयुष्मान म्हणून आले. लोक भयंकर चिडले. साटम पुढे परतले, पण त्या दिवसांत मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. 'कुछ तो गडबड है.' कागदावर चार शब्द. ते म्हणताना साटमांची बोटं हवेत जी फिरतात, ती कुठल्या संहितेत लिहिता येणार? नव्या एसीपीने ते म्हणावं का? माझं उत्तर, कधीच म्हणू नये. त्याला गडबड वेगळ्या तऱ्हेने दिसू दे.

हे मी इतक्या खात्रीने सांगते, कारण मी स्वतः ही चूक करून बसले आहे.

आमची एक मालिका होती, मढच्या बंगल्यात चित्रीकरण चालायचं. अकरा वर्षं ज्येष्ठ इन्स्पेक्टरचं काम करणारे नट तब्येतीमुळे थांबले. चौदा भागांच्या संहिता तयार होत्या. वरून निरोप आला, नाव बदला, चित्रीकरण थांबवू नका. मी कॉम्प्युटरवर जुन्या नावाच्या जागी नवं नाव टाकलं. चौदा भाग, पाच मिनिटं.

दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या खोलीत गेले. नवा नट उंच होता. ड्रेसदादा जुन्याच खाकी पँटची दुमड उसवून ती लांब करत होते. कापड खाली आलं, पण दुमडीच्या जागी अकरा वर्षांच्या इस्त्रीची रेघ उमटलेली होती, गडद. दादांनी पाणी मारलं, पुन्हा इस्त्री फिरवली. रेघ गेली नाही. नवा नट शेजारी उभा होता, हातात माझी संहिता. प्रायोगिक रंगभूमीवरून आलेला, फार अदबीने बोलणारा मुलगा. त्याने मला एक पान दाखवलं. त्यावर होतं, 'चष्मा काढतो, शर्टाला पुसतो आणि म्हणतो.' तो म्हणाला, "ताई, मला चष्मा नाही. प्रॉपर्टीवाल्यांनी आणून दिलाय. पण हे सरांचं आहे ना?"

मी ती संहिता त्याच्या हातातून घेतली आणि त्या दिवशी युनिटला दोन तास थांबवलं. बोलणी खाल्ली. मेकअप रूममध्ये बसून एकच प्रसंग नव्याने लिहिला. नवा साहेब पहिल्यांदा टेबलाशी बसतो. हवालदार सवयीने चहा आणून ठेवतो. साहेब घोट घेतो, थांबतो. म्हणतो, "मी साखर घेतो." हवालदार कपाकडे पाहतो आणि तो उचलून आत जातो. बस, एवढंच.

हवालदाराचं काम करणारे काका अकरा वर्षं जुन्या साहेबांना बिनसाखरेचा चहा देत आले होते. पहिल्याच टेकला त्यांनी कप उचलला, दारापर्यंत गेले आणि पाठ करून तिथेच उभे राहिले. माझ्या संहितेत ते थांबणं नव्हतं. दिग्दर्शकाने कट म्हटलं नाही. कॅमेरा चालू राहिला, आणि नवा साहेब टेबलाशी बसून, काही न बोलता, काका हलेपर्यंत वाट पाहत राहिला.