हिचे खरे नाव काय?

(जळगावच्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

बोलायला लागण्याआधी हा कागद दाखवतो. मागच्या रांगांना दिसणार नाही, म्हणून वर्णन करून सांगतो. वीतभर रुंदीचं हँडबिल आहे. मूळचा कागद गुलाबी असावा, आता कांद्याच्या सालीसारखा झालाय. वरची पट्टी फाटून गेलीय, तिच्याबरोबर सिनेमाचं नावही गेलं. खाली मराठीत आणि गुजरातीत खेळाच्या वेळा आहेत. मधोमध एका बाईचा चेहरा, कपाळावर आलेली बट, ओठ गडद. आणि पाठीमागे पेन्सिलीनं, मोडीत, एकच ओळ: 'हिचे खरे नाव काय?'

अक्षर माझ्या आजोबांचं. अमळनेरला एका जिनिंग प्रेसमध्ये ते दिवाणजी होते. त्यांच्या हातचे बाकी सगळे कागद म्हणजे रुईच्या गाठी, हमाली आणि येणंदेणं. घरी पोथीशिवाय दुसरं पुस्तक नव्हतं. असा माणूस एका नटीचं हँडबिल जपून घरी आणतो, त्याच्या पाठीवर प्रश्न लिहितो आणि ते ट्रंकेच्या तळाशी, दस्तऐवजांच्या खाली ठेवतो. आजी गेल्यावर ट्रंक उघडली तेव्हा ते मला सापडलं. त्या एका ओळीनं मला मूकपटांच्या नादाला लावलं. आज बोलायचंय ते त्या ओळीबद्दल.

नटनट्यांविषयीच्या कुतूहलाला आपण 'चौकशा' म्हणतो आणि नाक मुरडतो. मला ते पटत नाही. आपल्याकडे नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न काय असतो? 'कोणता गावना भाऊ?' गाव कळलं की आडनाव, आडनाव कळलं की सोयरीक, आणि मग पाणी. ही आपली ओळख करून घ्यायची रीत आहे. पडद्यावरच्या माणसाला पाणी देता येत नव्हतं, पण प्रश्न तोच होता.

त्याआधी असं कधी घडलंच नव्हतं, हे लक्षात घ्या. नाटक कंपनी गावात यायची, तिचं बिऱ्हाड धर्मशाळेत पडायचं. रात्री राजा झालेला नट सकाळी विहिरीवर राखुंडीनं दात घासताना दिसायचा. तमाशाचा फड आला तर सरदार कुठला, नाचणारी कुणाची, हे सगळ्या गावाला ठाऊक. माणूस समोर असायचा. सिनेमानं माणूस मुंबईतच ठेवला आणि त्याची सावली तेवढी पत्र्याच्या डब्यात घालून आगगाडीनं पाठवली. डबा भुसावळला उतरायचा, खेळ व्हायचे, डबा पुढच्या गावी जायचा. ज्याच्यासाठी आपण रात्री रडलो, तो सकाळी विहिरीवर नाही. मग विचारायचं कुणाला?

आणि ती सावली बोलतही नव्हती. तंबूत पेटीतबला वाजायचा, अक्षरांच्या पाट्या पडद्यावर यायच्या, वाचता येणारा एखादा त्या मोठ्यानं वाचून दाखवायचा. काही तंबूंत पडदा मध्ये आणि एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. म्हणजे बायकांना पाट्या उलट्याच दिसायच्या! त्यांच्यासाठी गोष्ट म्हणजे फक्त चेहरा. माझी आजी अशा तंबूत बसलेली होती. म्हातारपणी तिला सिनेमाची नावं आठवायची नाहीत, पण डोळे आठवायचे. 'तिना डोया' असं म्हणून ती आपले डोळे मोठे करून दाखवायची.

आता थोडं मागे जाऊ. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यातली तारामती कोण होती? अण्णा साळुंके. ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारा तरुण, महिना दहा रुपयांवरचा. दादासाहेब फाळक्यांनी पंधरा देऊ केले. बाई मिळेना म्हणून हा मार्ग, कारण सिनेमात उभी राहायला तेव्हा कुणीच तयार होत नव्हतं. नाटकात पुरुषानं लुगडं नेसणं लोकांच्या अंगवळणी पडलेलं होतं, त्यामुळे तारामतीही खपून गेली. पण १९१७ साली 'लंकादहन' आला आणि त्यात साळुंक्यांनी रामही केला आणि सीताही. एकाच माणसानं! राम पडद्यावर आला की लोक वहाणा काढून ठेवायचे, अशी आठवण सांगितली जाते. हात कुणाला जोडले? रामाला जोडले, हे खरंच. पण घरी जाताना 'राम झाला तो कोण?' हेही कुणीतरी विचारलंच असणार. भक्ती आणि चौकशी एकाच बैलगाडीतून घरी जाऊ शकतात.

बायका पडद्यावर आल्या त्याही १९१३ सालीच. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमलाबाई मोहिनी. मुलगी तेव्हा तेराचौदा वर्षांची. कमलाबाई म्हणजे चंद्रकांत गोखल्यांच्या आई, विक्रम गोखल्यांच्या आजी. मायलेकींनी एकत्र उंबरठा ओलांडला, त्याची किंमतही सोसली. कुतूहलाची ही दुसरी बाजू मी झाकून ठेवणार नाही. 'कुणाची?' हा प्रश्न पुरुष नटाला विचारला तर ओळख होते, बाईला विचारला तर चारित्र्याची झडती होते. १९३१ साली लाडांच्या घरची मुलगी आणि खोट्यांची सून असलेल्या दुसऱ्या एका दुर्गाबाईंनी, म्हणजे दुर्गा खोट्यांनी, एका बोलपटात छोटं काम केलं, तर जाहिरातीत त्यांच्या घराण्याचंच नाव मिरवलं गेलं, आणि लोकांनी त्यांना नको नको ते ऐकवलं. पैशाची अडचण होती म्हणून काम केलेलं. त्या डगमगल्या नाहीत, पुढच्याच वर्षी 'अयोध्येचा राजा'मध्ये तारामती म्हणून उभ्या राहिल्या. तारामतीचं काम खानावळीतल्या तरुणाकडून दुर्गा खोट्यांकडे यायला एकोणीस वर्षं लागली. मला हा प्रवास फार मोठा वाटतो.

बाईचं खरं नाव झाकायची रीत याच भीतीतून आली. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' काढला. त्यात गुलाबबाईंची कमलादेवी झाली, अनसूयाबाईंची सुशीलादेवी. येवल्यात जन्मलेली, म्हणजे आपल्या शेजारची, अंबू सगुण पुढे ललिता पवार झाली. १९३२ सालच्या 'कैलास' या मूकपटात तिनं तीन भूमिका केल्या आणि त्याच्या निर्मितीतही तिचा वाटा होता. आपल्याला तिची खाष्ट सासू तेवढी माहीत! पुरुषांतही नावं बदलायची, पण तऱ्हा निराळी. तमिळ मुलखातला नागलिंगम शरीर कमावून राजा सँडो झाला, परदेशी पहिलवान सँडोच्या नावावरून. पुरुषानं घेतलेलं नाव छाती फुगवणारं, बाईला दिलेलं नाव देवीचं. यातच सगळं आलं.

आता हँडबिलावरच्या बाईकडे येतो. पेन्सिलीच्या ओळीखाली शाईची एक ओळ आहे. ती मला कित्येक वर्षं दिसलीच नव्हती, कारण शाई उडून पिवळी पडलीय. उन्हात तिरपा धरला तेव्हा दिसली. तीही मोडीत, हात आजोबांचाच, पण थरथरता, म्हणजे खूप नंतरचा. 'रुबी. पुण्याची.'

रुबी मायर्स. पडद्यावरची सुलोचना. १९०७ साली पुण्यात जन्मलेली, बगदादी ज्यू घराण्यातली. टेलिफोन ऑपरेटर होती. कोहिनूर कंपनीच्या मोहन भवनानींनी सिनेमात बोलावलं तेव्हा तिनं आधी नकार दिला. मग 'वीरबाला', मग 'टेलिफोन गर्ल', 'टायपिस्ट गर्ल'. १९२७ सालच्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये तिच्या आठ भूमिका: माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचं पोर, सोनेरी केसांची गोरी बाई... एका बाईनं हे सगळं व्हायचं, आणि तेही एक शब्द न बोलता! इम्पीरियल कंपनीत तिला महिना ५,००० रुपये मिळतात, मुंबईच्या गव्हर्नरापेक्षा जास्त, असं तेव्हा लोक बोलत. दिवाणजीच्या कानावर हा आकडा गेला असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल, याचा मी बराच विचार केलाय.

आणि इथे खानदेशाचा माणूस मुंबईकराच्या फार मागे नव्हता. भुसावळ जंक्शन. रेल्वेच्या बंगल्यांतून राहणारी अँग्लो-इंडियन कुटुंबं, फ्रॉक घालणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मुली. त्या काळच्या पुष्कळशा नायिका अशाच घरांतल्या. सीतादेवी म्हणजे रेनी स्मिथ. गावातल्या पोरानं पडद्यावर 'टेलिफोन गर्ल' पाहिली, तर ती त्याला परग्रहावरची वाटत नव्हती, तशी मुलगी त्यानं भुसावळच्या फलाटावर पाहिलेली होती. दुसरा रस्ता सुरतेचा. ताप्ती व्हॅलीची गाडी १९०० साली अमळनेरला पोचली होती. नंदुरबारच्या पेठेत गुजराती घरचीच भाषा. मुंबईत १९२४ साली 'मोज मजा' हे सिनेमाचं गुजराती साप्ताहिक सुरू झालं. कापसाच्या व्यापाऱ्याच्या गादीवर असली छापील पानं येऊन पडायला कितीसा वेळ लागणार? आजोबांच्या हँडबिलावर गुजराती उगाच नाही.

नावाचं कोडं सुटलं, तरी आवाजाचं शिल्लक होतं. ज्याला तुम्ही दहा वर्षं पाहिलं, त्याचा आवाज प्रत्येकानं आपल्या मनानं तयार केलेला. १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला आणि ते सगळे आवाज एका फटक्यात खोटे ठरायला लागले. त्यातला नायक मास्टर विठ्ठल, कोल्हापूरच्या तालमीतला, मारामारीच्या मूकपटांचा राजा; लोक त्याला हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. त्याच्यावरून दोन कंपन्यांत कोर्टकचेरी झाली तेव्हा त्याचं वकीलपत्र बॅरिस्टर जिनांनी घेतलं होतं! तर अशा या विठ्ठलाची हिंदुस्थानी बोली जमेना, म्हणून पहिल्या बोलपटात त्याला बराच वेळ गुंगीत ठेवलं. ज्यानं त्याच्या नावानं तंबूत शिट्ट्या मारल्या असतील, त्याला हे पाहताना काय वाटलं असेल! सुलोचनाही अडली. पण ती वर्षभर थांबली, हिंदुस्थानी शिकली आणि १९३२ साली आपलाच 'माधुरी' हा मूकपट बोलता करून परत आली. तिची 'अनारकली' १९२८ ला मूक, १९३५ ला बोलती, आणि १९५३ सालच्या तिसऱ्या 'अनारकली'त ती सलीमची आई. १९७३ साली तिला फाळके पुरस्कार मिळाला. आजोबांच्या शाईच्या ओळीवर तारीख नाही. पण मला वाटतं ती तेव्हाचीच असावी, वर्तमानपत्रात बातमी वाचून लिहिलेली. म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांच्यात पंचेचाळीस वर्षं. तेवढा काळ त्यांनी तो मनात धरून ठेवला.

आता मुद्द्याचं. मूकपटांच्या काळात आपल्या देशात तेराशेच्या आसपास चित्रपट तयार झाले. त्यातले आज तीससुद्धा पुरते शिल्लक नाहीत. फिल्म नायट्रेटची, ती भडकन पेट घेते, नाहीतर आपोआप कुजते, चिकट होते, तिची भुकटी होते. आणि बोलपट आल्यावर मुक्या रिळांना कुणी विचारेना, तेव्हा त्यातली चांदी काढायला ती भंगारात गेली. जळगाव सराफांचं गाव आहे, चांदी वितळवणं काय असतं हे इथे सांगायला नको. 'वाइल्डकॅट'च्या आठही सुलोचना गेल्या. 'आलम आरा'सुद्धा गेला. पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये पी. के. नायरांनी जन्म घातला, नाशिकला फाळक्यांच्या घरी जाऊन तुकडे गोळा केले, म्हणून 'कालिया मर्दन' आज पाहता तरी येतो. त्याच्या सुरुवातीला फाळक्यांची लेक मंदाकिनी नुसत्या चेहऱ्यानं एकामागून एक भाव करून दाखवते, आणि मग आपल्या डोळ्यांदेखत तिचा कृष्ण होतो. सात वर्षांची पोर! ही कोण, हे फाळक्यांनी स्वतःच आधी सांगून टाकलं. प्रेक्षक विचारणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रिळं गेली, पण चौकशा करणाऱ्यांनी जपलेले कागद अजून घराघरांत आहेत. पोस्टकार्डावरचे फोटो, हँडबिलं, काड्यापेटीवरची चित्रं, वहीच्या मागच्या पानावर उतरवलेली नावं. म्हणून एक विनंती करतो. पुढच्या महिन्यात सलग दोन रविवार मी इथे, या वाचनालयात, सकाळी नऊपासून बसणार आहे. घरी जुनी ट्रंक असेल, माळ्यावर पेटी असेल, तर उघडा. काही सापडलं तर घेऊन या. कागद मला द्यायचा नाही, मी फक्त दिवसाच्या उजेडात त्याचा फोटो घेईन, मागचंपुढचं वाचेन आणि तुमच्या हातात परत देईन. आणायच्या आधी लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, घडी जोर लावून उलगडू नका. दोन कोऱ्या पुठ्ठ्यांमध्ये, सुती कपड्यात गुंडाळून आणा. मोडी असेल तर चिंता नको, ती मी वाचून देईन. आणि कागद कोरा वाटला तरी पाठीमागची बाजू उन्हात तिरपी धरून बघा.