हृदय सुरू झालं, आता मेंदू

मंडळी, हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर कुणीतरी लगेच दाब द्यायला लागलं, शॉक वेळेवर मिळाला, नाडी परत लागली, की आपण म्हणतो, वाचला! आयसीयूत काम करणाऱ्यांना त्या क्षणी एवढं म्हणण्याचा धीर होत नाही. नाडी लागलेली असते, पण माणूस शुद्धीवर नसतो. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडून असे बेशुद्धावस्थेत दाखल झालेले जे रुग्ण पुढे दगावतात, त्यांतल्या बहुतेकांचा जीव हृदयामुळे जात नाही, मेंदूला झालेल्या इजेमुळे जातो. मला आज बोलायचं आहे ते नाडी लागल्यानंतरच्या तीन दिवसांबद्दल.

रक्तपुरवठा थांबला की काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत मेंदूच्या पेशींमधली ऊर्जा संपते. रक्त परत सुरू झालं की नुकसान थांबत असेल असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. पेशींत कॅल्शियम भरत राहतं, घातक रसायनं तयार होतात, दाह होतो, सूज येते. हे सगळं कित्येक तास, कधी काही दिवस चालतं. याचा अर्थ असा की बऱ्याच पेशी अजून मेलेल्या नसतात आणि आपल्या हातात थोडा वेळ असतो. शरीराचं तापमान एका अंश सेल्सिअसने उतरवलं की मेंदूची प्राणवायूची गरज साधारण ६ ते ७ टक्क्यांनी कमी होते. रुग्णाला थंड करण्याची कल्पना आली ती इथून.

थंडीचं बळ सांगताना १९९९ सालच्या नॉर्वेतल्या घटनेचा दाखला नेहमी देतात. आना बोगेनहोल्म ही तरुण डॉक्टर स्कीइंग करताना गोठलेल्या ओढ्यात पडली आणि ८० मिनिटं बर्फाखाली अडकली. रुग्णालयात आणली तेव्हा तिचं तापमान १३.७ अंश होतं. ती वाचली आणि पुढे पुन्हा डॉक्टर म्हणून काम करू लागली. घटना खरी आहे, पण तिच्यावरून आपल्या रुग्णांबद्दल अंदाज बांधू नये. तिचं शरीर आधी गार झालं आणि हृदय नंतर थांबलं. आपल्या रुग्णाचं हृदय थांबतं तेव्हा मेंदू ३७ अंशांवर असतो. इजा होऊन गेल्यावर थंड करून उपयोग होतो का, हा अगदी वेगळा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर २००२ साली मिळाल्यासारखं वाटलं. एकाच वेळी दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. युरोपातल्या अभ्यासात २७५ रुग्ण होते. ३२ ते ३४ अंशांवर २४ तास ठेवलेल्यांपैकी ५५ टक्के लोकांचा मेंदू चांगल्या स्थितीत राहिला, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. मेलबर्नच्या ७७ रुग्णांच्या अभ्यासाचा कलही तसाच होता. जगभर बर्फाच्या पिशव्या काखेत आणि जांघेत ठेवल्या जाऊ लागल्या, थंड सलाईन चढवलं जाऊ लागलं, पाणी फिरवणारी ब्लँकेट्स आली.

पण माणसाचं शरीर गुपचूप थंड होत नाही. ते हुडहुडी भरवून उष्णता निर्माण करतं. मग गुंगीची औषधं द्यावी लागतात, कधी स्नायू शिथिल करणारी. हृदयाचे ठोके मंदावतात, लय बिघडू शकते. थंडीत यकृताचं कामही मंदावतं, त्यामुळे ही औषधं शरीरात रेंगाळतात.

२०१३ साली ३३ आणि ३६ अंशांची तुलना झाली, फरक दिसला नाही. २०२१ साली १९०० रुग्णांच्या अभ्यासात एका गटाला ३३ अंशांवर ठेवलं, दुसऱ्या गटात फक्त ताप येऊ दिला नाही. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ५० टक्के आणि दुसऱ्यातले ४८ टक्के रुग्ण दगावले. लय बिघडण्याचं प्रमाण थंड केलेल्यांत जास्त होतं.

याचा अर्थ 'आता काही करायची गरज नाही' असा लावणं मला धोक्याचं वाटतं. २००२ च्या युरोपीय अभ्यासातला तुलनेचा गट बघा. त्या रुग्णांचं तापमान मोकळं सोडलं होतं आणि ते ३८ अंशांच्या आसपास चढलं होतं. फायदा थंडीचा होता, की ताप टळल्याचा? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, वाद मात्र मिटलेला नाही. आणि २०२१ च्या अभ्यासातल्या दुसऱ्या गटाकडे कुणी दुर्लक्ष केलं नव्हतं. ताप रोखण्यासाठी त्यांतल्या ४६ टक्के रुग्णांना यंत्राने थंड करावं लागलं! नुसत्या पॅरासिटामॉलवर हे भागत नाही. मूत्राशयात किंवा अन्ननलिकेत तापमापक ठेवून, पारा ३७.५ च्या वर जाऊ न देता, रात्रंदिवस पहारा द्यावा लागतो. हे काम परिचारिका करतात आणि त्याची बातमी होत नाही.

परदेशातला उपाय जसाच्या तसा उचलू नये, हेही आपल्याच भूमीवर कळलं. जन्मताना गुदमरलेल्या बाळांना थंड करणं श्रीमंत देशांत फायद्याचं ठरलं होतं. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर तो उपचार तपासला, त्यात मुंबईचं सायन रुग्णालयही होतं. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: थंड केलेल्या बाळांत मृत्यू ४२ टक्के, न केलेल्यांत ३१ टक्के. हा अभ्यास आपल्याकडे झाला नसता तर आपण चांगल्या हेतूने बाळं गमावत राहिलो असतो.

नातेवाइकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. दुसऱ्या दिवशी रुग्ण डोळे उघडत नाही म्हणून 'मेंदू गेला' असं कुणी म्हणालं, तर गुंगीचं औषध कधी थांबवलं ते विचारा. ७२ तासांच्या आधी, औषधाचा अंमल उतरण्याच्या आधी, बेशुद्ध रुग्णाच्या मेंदूबद्दल अंतिम मत देऊ नये. त्यानंतरही डोळ्यांच्या बाहुल्यांची प्रतिक्रिया, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद), स्कॅन, रक्ततपासणी हे सगळं एकत्र बघायचं असतं, कुठल्याही एका तपासणीवर विसंबायचं नसतं. काही माणसं चौथ्या-पाचव्या दिवशी, कधी त्याहूनही उशिरा जागी होतात. तोवर ताप किती आहे, हे रोज विचारत राहा.