दूधभाताची शपथ आणि खेडचं मैदान

मे १७०७. भोपाळजवळच्या दोराह्याच्या मुक्कामावरून पंचवीस वर्षांचा एक तरुण मोजक्या माणसांनिशी दक्षिणेकडे निघाला. संभाजी महाराजांचा मुलगा, शाहू. रायगड पडला तेव्हा सात वर्षांचा होता. तेव्हापासून मोगलांच्या छावणीत वाढला. औरंगजेब नुकताच नगरला वारला होता आणि त्याचा मुलगा आझमशहाला तख्त गाठायची घाई होती. त्याने शाहूंना सोडलं, पण आई येसूबाईंना ओलीस ठेवून घेतलं. मराठ्यांत दुही माजावी, हा त्यामागचा डाव. तो साधलाही.

कारण इकडे गादी रिकामी नव्हती. राजारामांच्या मागे सात वर्षं ताराबाईंनी औरंगजेबाला झुंजवलं होतं. त्यांनी शाहूंना तोतया ठरवलं. शिवाय, संभाजीराजांच्या वेळचं राज्य गेलं, हे नव्याने मिळवलेलं, त्यावर शाहूंचा हक्क कसला? हा सवाल काही अगदीच पोकळ नव्हता.

सरदार मात्र कुंपणावर. परसोजी भोसले शाहूंसोबत एका ताटात जेवले आणि तोतयेपणाचा आरोप तिथेच ढिला पडला, असं सांगतात. ताराबाईंनीही आपल्या सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून इमानाची शपथ घेतली.

ऑक्टोबर १७०७. भीमेकाठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. ताराबाईंची मदार सेनापती धनाजी जाधवांवर होती. पण धनाजींनी आतून शाहूंशी संधान बांधलं होतं. या बोलण्यात बाळाजी विश्वनाथ भट नावाच्या कारकुनाचा हात होता. ऐन लढाईत धनाजी हलले नाहीत. ताराबाईंचे परशुरामपंत प्रतिनिधी एकटे पडले आणि साताऱ्याच्या किल्ल्यात शिरले.

किल्ल्याचा हवालदार शेख मिरा. बखरकार सांगतात की त्याची बायकापोरं वाईला होती. शाहूंनी ती पकडली आणि तोफेच्या तोंडी द्यायची धमकी दिली. मिराने प्रतिनिधींनाच कैद करून किल्ला खाली केला. १२ जानेवारी १७०८ ला शाहूंचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला. त्यामागे हेही होतं, हे विसरून चालत नाही.

ताराबाई पन्हाळ्यावरून लढत राहिल्या. दोघांनीही नवा मोगल बादशहा बहादुरशहाकडे सनदा मागितल्या: शाहूंनी चौथ आणि सरदेशमुखीच्या, म्हणजे महसुलाच्या चौथ्या आणि दहाव्या हिश्शाच्या, ताराबाईंनी फक्त सरदेशमुखीच्या. त्याचा वजीर मुनीमखान ताराबाईंच्या बाजूने, झुल्फिकारखान शाहूंच्या. बादशहाने कोणालाच दुखावलं नाही: आधी आपसांत लढून हक्क ठरवा, मग सनद.

धनाजींच्या मृत्यूनंतर मुलगा चंद्रसेनाचं बाळाजींशी बिनसलं आणि तो ताराबाईंना मिळाला. आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रेही त्यांच्याच बाजूला. शाहूंचा पेशवा बहिरोपंत पिंगळे चालून गेला, तर आंग्र्यांनी त्यालाच कैद केलं. मग १७१३ मध्ये पेशवाई बाळाजींकडे आली. त्यांनी कान्होजींशी तलवार न उपसता तह केला. आरमार शाहूंकडे आलं.

ताराबाईंना पाडलं ते मात्र शाहूंनी नव्हे. १७१४ मध्ये सवत राजसबाईंनी त्यांना मुलासह कैदेत टाकलं आणि आपल्या मुलाला, दुसऱ्या संभाजीला, कोल्हापूरच्या गादीवर बसवलं. सातारा आणि कोल्हापूर यांच्या हद्दी ठरायला १७३१ चा वारणेचा तह उजाडला.