ताफ्याचा तोल

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापुरातून समुद्र दिसत नाही. त्यामुळे नौदल हा कोकणातल्या माणसांचा विषय, असे आपण धरून चालतो. पण इथल्या यंत्रमागांवर विणलेले टॉवेल कंटेनरमधून न्हावा शेवा बंदरात जातात आणि तिथून जहाजाने परदेशी रवाना होतात. त्या बंदराच्या तोंडाशी असलेले पाणी सुरक्षित आहे की नाही, हा प्रश्न म्हणूनच आपल्या विणकराच्या मजुरीशी येऊन भिडतो.

नौदलाची ताकद आपण बहुधा मोठ्या जहाजांवरून मोजतो. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला विक्रांत ही स्वदेशी विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली, तेव्हा सर्वांना वाटलेला अभिमान रास्तच होता. मात्र अशी नौका एकटी मोहिमेवर निघत नाही. हवाई हल्ले परतवणाऱ्या विनाशिका, पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या फ्रिगेट आणि इंधन पुरवणारे तेलवाहू जहाज सोबत असेल, तरच तिचा धाक टिकतो. शिवाय दुरुस्ती आणि सराव यांत बराच काळ जात असल्याने तीन नौकांपैकी एकच मोहिमेवर धरावी, असा ढोबळ हिशेब आहे. आपला पश्चिमी ताफा मुंबईला आणि पूर्वी ताफा विशाखापट्टणमला असतो. दोन्ही किनाऱ्यांवर एकाच वेळी संकट आले, तर प्रत्येकाला आपल्या बळावर उभे राहता आले पाहिजे.

मराठा आरमारात तोफांची भिस्त गुराब या मोठ्या शिडाच्या जहाजांवर असे. पण वारा पडला की वल्ह्यांची गलबतेच त्यांना ओढून नेत. लहानमोठ्यांची हीच सांगड ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवरील हल्ल्यात दिसली. निपात, निर्घात आणि वीर या लहान क्षेपणास्त्र नौकांचा पल्ला तोकडा होता, म्हणून किल्तान आणि कच्छल या मोठ्या नौका आणि पोषक हे तेलवाहू जहाज त्यांच्या दिमतीला दिले होते. त्यानंतर पाचच दिवसांनी, दीवजवळ, हंगोर या पाकिस्तानी पाणबुडीने आपली खुकरी ही फ्रिगेट बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ज्या ताफ्याने शत्रूच्या बंदरात आग लावली, त्यालाच पाण्याखालचा शत्रू वेळीच हेरता आला नाही, हे आठवले की आजही मन विषण्ण होते.

पाण्याखालचा दुसरा धोका सुरुंगांचा. जहाजाच्या पोलादाचे चुंबकत्व किंवा पंख्याचा आवाज ओळखून फुटणारे सुरुंग समुद्रतळाशी पडून राहतात. त्यांची किंमत जहाजाच्या मानाने नगण्य असते, पण बंदराच्या वाटेत ते असल्याची नुसती शंका आली तरी व्यापारी जहाजे आत यायला धजत नाहीत. ते हुडकून निकामी करणाऱ्या नौकांचा सांगाडा म्हणूनच लाकडाचा किंवा फायबरग्लासचा करतात. आपल्याकडची अशी शेवटची नौका २०१९ मध्ये निवृत्त झाली, आणि तिची जागा घेणाऱ्या नौका तोवर तयार नव्हत्या. ही उणीव मला विमानवाहू नौकांच्या संख्येपेक्षाही गंभीर वाटते, कारण नौकांबरोबर त्या चालवणाऱ्यांचा सरावही मोडतो. तिसऱ्या विमानवाहू नौकेचा विचार जरूर व्हावा. पण जहाजबांधणीच्या यादीत तिच्याआधी या लहान, लाकडी-फायबरच्या नौकांना स्थान मिळायला हवे.

नमस्कार.