निवेदन दिलंय की, मग कशाला घाई?

मागं बसलेल्यांना ऐकू येतंय का? पंख्याचा आवाज लई आहे, पण मे महिन्यात परभणीत पंखा बंद करा म्हणणाऱ्याला लोकं हॉलबाहेर काढतेत, म्हणून मीच जरा मोठ्यानं बोलतो.

नोकरीतल्या अन्यायावर दाद मागायची मुदत हातातून कशी निसटते ते सांगायला मी आलोय, आणि मी वकील नाही हे आधीच सांगतो. सरकारी कचेरीत आस्थापनेवर जन्म गेला, त्यातली सुरुवातीची वर्षं बारनिशीत. नव्या पोरांना बारनिशी म्हणजे काय ते माहीत नसेल, आवक-जावक म्हणा. लाकडी मुठीचा गोल शिक्का, निळ्या शाईचं पॅड, आणि मधली तारीख रोज सकाळी काडीनं फिरवायची. त्या पाच वर्षांत एक गोष्ट कळली, लोकं अर्ज लिहायला रात्र घालवतेत आणि शिक्का मारून घ्यायला दोन मिनिटं थांबत नाहीत. आणि पुढं सगळं भांडण त्या दोन मिनिटांवर येतं बघा.

मागच्या दिवाळीनंतर एक ताई घरी आल्या, तालुक्याला लिपिक आहेत. बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्या तर प्रमोशनच्या यादीतून नाव गायब. विचारलं तर म्हणले तुमच्या गोपनीय अहवालात, म्हणजे साहेब दरवर्षी कामावर शेरा लिहितेत त्यात, प्रतवारी कमी पडली. ज्या वर्षी सहा महिने बाई रजेवर होती त्याच वर्षीची प्रतवारी खाली आली, आता ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. त्यांनी साडीच्या दुकानाची पिशवी आणलेली, त्यातून एकेक करून सात निवेदनं काढून सतरंजीवर मांडली. अक्षर सुंदर, मुद्दे बरोबर, शेवटी 'आपली विश्वासू'. मी म्हणलं पोच कुठाय? सातातल्या दोनावर शिक्का. आणि मूळ आदेश? तो निघून तीन वर्षं उलटलेली. म्हणलं ताई, मॅटला, म्हणजे सरकारी नोकरांच्या न्यायाधिकरणात, का गेला नाहीत? तर म्हणल्या, "निवेदन दिलंय की काका, साहेब म्हणले बघू, मग कशाला घाई करायची."

हे वाक्य मी कितीदा ऐकलंय त्याला मोजदाद नाही. आज मी फक्त ह्याच वाक्याशी भांडायला आलोय.

आता नियम ऐका. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याचं सेवेबद्दलचं गाऱ्हाणं जातं महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे आपलं मॅट. आपल्याला मुंबई गाठायची गरज नाही, संभाजीनगरला खंडपीठ आहे. हे चालतं १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्यावर आणि त्यातलं कलम २१ प्रत्येकानं भिंतीवर चिकटवावं असं आहे. अंतिम आदेश निघाला की एक वर्ष. तुम्ही नियमातलं अपील किंवा निवेदन केलंय आणि वरून काही उत्तरच आलं नाही, तर सहा महिने वाट बघायची आणि त्या सहा महिन्यांनंतर एक वर्ष. संपलं.

तारखा घेऊन बघू म्हणजे डोक्यात बसेल. समजा शिक्षेचा आदेश १० मार्च २०२३ ला तुमच्या हातात पडला. शिस्त व अपील नियम १९७९ चे, त्यात अपिलाला ४५ दिवस, म्हणजे २४ एप्रिलपर्यंत. तुम्ही २० एप्रिलला अपील दिलं, शिक्का घेतला, शाबास. वरचे साहेब गप्प. सहा महिने झाले २० ऑक्टोबर २०२३ ला. तिथून एक वर्ष, २० ऑक्टोबर २०२४. तो निघाला रविवार, म्हणून सोमवारी दाखल केलं तरी चालून जातं, पण अशा भरवशावर राहणारा माणूस आणि शेवटच्या एसटीच्या भरवशावर लग्नाला जाणारा माणूस सारखाच.

आता ह्यात गंमत कुठंय, तर पहिलं अपील दिलं की घड्याळ चालू होतं, आणि दुसरं, तिसरं, सातवं स्मरणपत्र दिलं तरी ते काय थांबत नाही. १९८९ मध्ये एस. एस. राठोड विरुद्ध मध्य प्रदेश राज्य ह्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी सांगून टाकलंय की नियमात नसलेली निवेदनं परत परत दिल्यानं मुदत वाढत नाही. सात न्यायाधीश म्हणल्यावर त्याच्यावर आपण काय बोलणार. पुढं २००८ मध्ये सी. जेकब ह्यांचा खटला आला, नोकरी गेली १९८२ मध्ये आणि दाद मागायला उठले १८ वर्षांनी. तिथं कोर्ट म्हणलं, शिळ्या तक्रारीवर ऑफिसानं आज उत्तर दिलं म्हणून ती ताजी होत नाही. हे नीट ऐका, कारण आपल्याकडं बरेच जण काय करतेत, जुन्या प्रकरणात नवा अर्ज टाकतेत, त्याचं 'आपला अर्ज नस्तीबंद करण्यात येत आहे', म्हणजे फाईल बंद, असं पत्र मिळवतेत आणि म्हणतेत आता ह्या पत्रापासून नवीन वर्ष मोजू. मोजा तुम्ही, मॅट मोजत नाही.

आणि ते राज्यपालांना, मुख्यमंत्र्यांना, पालकमंत्र्यांना निवेदन, फोटो काढून ग्रुपवर टाकायचं. टाका, माझी ना नाही. राज्यपालांकडं केलेला विनंतीअर्ज तर त्याच कायद्याच्या कलम २० मध्ये नाव घेऊन बाजूला ठेवलाय, तो तुम्ही स्वतःहून केलेला नसेल तर दाद मागायचा मार्ग म्हणून धरतच नाहीत. अनुसूचित जाती आयोगाचंही तसंच समजून घ्या. जातीवरून डावललं असेल तर आयोगाकडं जरूर जा, आयोग ऑफिसाला कागदपत्रांसकट बोलवू शकतो, पण आदेशाला स्थगिती द्यायचा अधिकार आयोगाला नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९९६ लाच सांगितलंय. आयोगाचा कागद एका हातात ठेवा आणि मॅटचं कॅलेंडर दुसऱ्या.

बायांसाठी वेगळं सांगतो आणि हे पुरुषांनीही ऐका, घरी बहीण-लेक नोकरीला असतीलच. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाची तक्रार, २०१३ चा कायदा, तिथं वर्ष नाही, तीन महिने आहेत. शेवटच्या घटनेपासून तीन महिने. कारण पटलं तर तक्रार ऐकणारी समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, कारण लेखी नोंदवून. म्हणजे ताणून ताणून सहा. २०२५ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं एक निकाल दिला, पश्चिम बंगालमधल्या कायदा विद्यापीठातल्या प्राध्यापक बाई, तक्रार कुलगुरूवर. शेवटची घटना एप्रिल २०२३, तक्रार गेली २६ डिसेंबरला. बाईंचं म्हणणं होतं की ऑगस्टमध्ये मला पदावरून काढलं तोही त्याच छळाचा भाग, तिथून मोजा. कोर्टानं ऐकलं नाही, ते प्रशासकीय कारण झालं म्हणले. कुलगुरूच्या बायोडेटात हा निकाल लिहायला लावला खरा, पण तक्रार मुदतीबाहेर ती मुदतीबाहेरच. मला विचाराल तर तीन महिने फार थोडे आहेत. ज्या बाईला रोज त्याच साहेबाच्या केबिनमध्ये फाईल घेऊन जायचंय तिला घरी सांगायलाच तीन महिने लागतेत. पण कायदा आज असा आहे आणि मोजायचं आजच्याच कायद्यानं.

माझा पुतण्या अमेरिकेत आहे, त्याला मी हे सांगत होतो तर तो म्हणला काका इथं तर अजून कडक. तिथल्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला भेदभाव झाला तर ४५ दिवसांत आपल्याच खात्यातल्या समुपदेशकाला गाठावं लागतं, मग तिथं मिटलं नाही अन् नोटीस मिळाली की १५ दिवसांत रीतसर तक्रार. आमच्या अपिलाचेही ४५ अन् त्यांचेही ४५, हसूच आलं मला. फरक एवढाच की तिकडं पहिल्या ४५ दिवसांत तुम्हाला बोलायला एक माणूस नेमून दिलेला असतो. आपल्याकडं तो माणूस म्हणजे चहाच्या टपरीवरचा सिनियर क्लार्क, आणि तो म्हणतो, "अर्ज दे उगं, बघू."

एक सूट मात्र खरी आहे. दर महिन्याला होणारं नुकसान. पगार चुकीचा बसवलाय, भत्ता देत नाहीत, पेन्शन कमी बसलीय, तर दर पहिल्या तारखेला अन्याय नव्यानं होतो असं कोर्ट धरतं. २००८ चा तरसेम सिंग ह्यांचा खटला, १९८३ मध्ये लष्करातून अपंगत्वामुळं बाहेर, कोर्टात आले १९९९ मध्ये. पेन्शन मिळाली. पण थकबाकी किती? सोळा वर्षांची नाही, अर्जाच्या मागची फक्त तीन वर्षांची. आणि त्याच निकालात हेही आहे की ज्येष्ठता, प्रमोशन असल्या गोष्टी ह्या सुटीत बसत नाहीत, कारण तिथं तुमच्यामुळं दुसऱ्याची जागा हलते. म्हणजे पगाराला उशीर झाला तर पैसे जातेत, प्रमोशनला उशीर झाला तर सगळंच जातं. त्या ताईंचं तेच झालं होतं. उशीर माफीचा अर्ज लावलाय त्यांनी, पुरेसं कारण दाखवता आलं तर मॅट उशीर माफ करतं, मुलाच्या दवाखान्याचे कागद जोडलेत. बघू.

हे सगळं मी शहाणा म्हणून सांगत नाही. माझा स्वतःचा मानीव दिनांक, म्हणजे ज्या तारखेपासून बढती धरायला पाहिजे ती तारीख, असाच गेला. माझ्याहून कनिष्ठ माणूस माझ्या वर बसला, का बसला ते सगळ्या ऑफिसाला माहीत होतं, साहेबाच्या गावचा होता अन् साहेबाच्या जातीचा होता. मी दोन वर्षं चांगला वागत राहिलो. साहेब बदलून जातील, नवीन येतील, तेंव्हा सांगू. नवीन आले, म्हणले "अहो, आधी का नाही सांगितलं?" दुसऱ्यांच्या अर्जांवर शिक्के मारून मारून हाताला घट्टे पडलेला माणूस मी.

म्हणून हाताशी ठेवायच्या गोष्टी सांगतो. आदेश टपालानं आला तर पाकीट फेकू नका, पाकिटावरच्या शिक्क्यानंच कळतं कधी आला ते. ऑफिसात हातात दिला तर सही करताना खाली तारीख स्वतःच्या अक्षरात टाका. संबंधित बाबू म्हणेल, "मागची तारीख टाका हो, रेकॉर्डला बरं पडतं." अजिबात टाकू नका, तो हसत हसत तुमचे वीस दिवस खातो. अहवालाची प्रत दरवर्षी मागा, २००८ च्या देव दत्त खटल्यापासून प्रत्येक शेरा कळवायलाच पाहिजे, वाईट असो नाहीतर नुसता 'चांगला' असो. बारनिशीत अर्ज घेत नसतील तर वाद घालू नका, स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावतीची झेरॉक्स काढून ठेवा, ती शाई वर्षात उडून जाते, कोरा कागद राहतो. माहिती अधिकार टाका, ३० दिवसांत उत्तर, पण ते उत्तर येईपर्यंत मॅटची मुदत थांबते असं समजू नका.

हां, तिकडून काय म्हणतायत भाऊ? जिल्हा परिषदेचे. बरं झालं विचारलं, जिल्हा परिषदेवाल्यांचं मॅट नाही. तुमचं आधी खात्यातलं अपील, नंतर हायकोर्टाचं औरंगाबाद खंडपीठ. आणि संस्थेच्या शाळेवरचे सर कोणी असतील तर त्यांना काढून टाकल्यावर शाळा न्यायाधिकरणात अपील, फक्त ३० दिवस. भाऊ, तुम्हाला कधी मिळाला म्हणले आदेश? गुढीपाडव्याच्या आधी? आधी म्हणजे किती तारखेला? पाकीट आहे का घरी? मग असं करा, चहा नंतर घ्या, आधी घरी फोन लावून पाकिटावरची तारीख वाचून घ्या, मी इथंच थांबलोय.